द्वारकेचा धूर की माहेरची चूल?

रानजाई (धागाकर्ती)
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला चोविसावा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळंतपण. राहायला नाशिकला, द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर, दुसरा मजला. नोकरी अंबडला, जाणं-येणं मुंबई नाक्यावरून स्कूटीनं. कुंभाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत. सकाळी पुसलेल्या गॅलरीच्या कठड्यावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं.

माझ्या जाऊबाई गेल्या वर्षी तेहेतिसाव्या आठवड्यात बाळंत झाल्या. पुतण्या आता गुबगुबीत आहे, पण तीन आठवडे पेटीत होता. का झालं असं विचारलं तर उत्तर एकच, "होतं कधीकधी." परवा वाचलं की हवेतल्या प्रदूषणामुळे दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून खिडकी उघडली तरी भीती आणि बंद केली तरी जीव गुदमरतो.

आई म्हणते आत्ताच निघून ये, इथं मळ्यात मोकळी हवा आहे. माहेर निफाड तालुक्यात, विंचूरच्या अलीकडे. पण तिथं गॅस असूनही भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबात, आणि आत्या रोज तव्यावर मिश्री भाजते. सासूबाई म्हणतात ओटी भरल्याशिवाय पाठवायची पद्धत नाही. नवरा रात्री बारापर्यंत एअर प्युरिफायरचे रिव्ह्यू वाचतो.

तर हे प्रदूषणाचं खरं किती? आणि मी राहू कुठे?


जुनी_वीट
मंगळवार, रात्री ११.०५

आमच्या आज्यांनी चुलीपुढे बसून आठ-आठ बाळंतपणं केली. तेव्हा नव्हतं ते पीएम की काय. वाचन कमी करा, तूप वाढवा.


तिरफळ
मंगळवार, रात्री ११.१२

@जुनी_वीट, आठ झाली हे खरं. आठांतली जगली किती, हे आजीला विचारलंत का कधी? माझ्या आजीची अकरा झाली, हाताशी आली पाच.


वेखंड
बुधवार, सकाळी ६.२०

रानजाई, आधी अभिनंदन. मी बावीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात सिस्टर होते, आता निवृत्त. रात्रपाळीची सवय जात नाही, म्हणून इतक्या सकाळी लिहितेय.

पूर्ण ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अकाली जन्मलेलं. पण त्यातही फरक आहे. २८ आठवड्यांच्या आतलं बाळ म्हणजे आमच्या हातातली सगळ्यात अवघड लढाई. २८ ते ३२ मधलं सांभाळावं लागतं. ३२ ते ३७ मधली बहुतेक बाळं वेळेवर काळजी मिळाली की तुमच्या पुतण्यासारखीच घरी जातात, आणि अकाली बाळांत संख्येनं हीच जास्त असतात. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही म्हण घरातून हाकलून द्या. आईच्या पोटात काढलेला एकेक आठवडा फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त सुरक्षित, हे मी डोळ्यांनी हजार वेळा पाहिलंय.

आता कारणं. आधी अशीच लवकर प्रसूती झालेली असणं, जुळं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, रक्तदाब, साखर, लघवीचा किंवा अंगावरून जाण्याचा जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं, तंबाखू. हे सगळं असूनही निम्म्या बायकांच्या बाबतीत ठोस कारण हाती लागत नाही. हवा या यादीत आहे, पण पहिल्या नंबरावर नाही. मला कुणी विचारलं "सिस्टर, मी काय करू", तर हवेच्या आधी मी लघवीची तपासणी आणि हिमोग्लोबिन विचारीन. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?


आकडेमोड
बुधवार, दुपारी १.१५

वेखंडताईंशी सहमत. पण "यादीत आहे" म्हणजे नेमकं काय हे थोडं उलगडतो, कारण हा विषय माझ्या कामाच्या जवळचा आहे.

प्रदूषण आणि अकाली प्रसूती यांचा संबंध शोधणं किचकट असतं. धुरात राहणारी बाई बहुतेकदा गरीबही असते, तिचं खाणं कमी, काम जास्त, दवाखाना लांब. मग दोष धुराचा की गरिबीचा? यातून वाट काढायची तर अशा घटना शोधाव्या लागतात जिथे हवा अचानक बदलली आणि माणसं तीच राहिली.

अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर ईझी-पास आला, आपल्या फास्टॅगसारखा. गाड्या रांगेत धूर ओकत उभ्या राहायच्या त्या सरळ निघून जायला लागल्या. २०११ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये अकाली जन्म जवळपास ११ टक्क्यांनी घटले. कुणी औषध दिलं नव्हतं, आहार दिला नव्हता. फक्त रांग हटली. शिंदे किंवा पिंपळगावच्या नाक्यावरून जाताना मला दरवेळी हे आठवतं.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथं २००१ ते २०११ या काळात कोळसा आणि तेलावर चालणारी आठ वीजकेंद्रं बंद झाली. ५ किलोमीटरच्या आतल्या वस्तीत अकाली जन्मांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं. युटामध्ये १९८६-८७ च्या सुमारास पोलादाचा कारखाना वर्षभर बंद होता, तेव्हाही असंच दिसलं होतं.

म्हणजे संबंध आहे, आणि तो नुसता गरिबीचा नाही.

पण "११ टक्क्यांनी घटले" याचा अर्थ नीट लावा. शंभरांतल्या दहा आयांची प्रसूती लवकर होत होती, ती नऊ जणींची व्हायला लागली, इतकंच. एका बाईच्या पातळीवर हा फरक छोटा आहे. आपल्या देशाच्या पातळीवर प्रचंड आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं अकाली जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणून रानजाई, तुम्ही घाबरू नका. मनपा, सरकार, कारखानदार यांनी घाबरावं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.


रानजाई
बुधवार, रात्री ९.३०

वेखंडताई, हिमोग्लोबिन ९.८. गोळ्या चालू आहेत, पण पोट बिघडतं म्हणून मधूनमधून चुकवते (कबुली). लघवीची तपासणी तिसऱ्या महिन्यानंतर झालेली नाही.

आकडेमोड, तुमचं वाचून पहिल्यांदा जरा श्वास घेतला. पण धूर जातो फुफ्फुसात, बाळ असतं पोटात. मग तिथवर पोचतं काय?


वेखंड
गुरुवार, सकाळी ६.०५

९.८ आहे आणि गोळ्या चुकवता! आधी तुम्हाला रागावते. अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना गोळी बदलून मागा, पण बंद करू नका. आणि उद्याच लघवी तपासायला द्या.

आता तुमचा प्रश्न. धूळ मोठी असते ती नाकात, घशात अडकते, शेंबडातून बाहेर पडते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण. आपला केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. हे कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात, त्यातले सगळ्यात बारीक रक्तात उतरतात. शरीर त्यांच्याशी भांडायला लागतं, म्हणजे सूज येते, बारीक-बारीक, न दिसणारी. वारेच्या (प्लासेंटाच्या) रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतो, आईचा रक्तदाब वाढू शकतो. कळा सुरू होण्यामागे शरीरातल्या सुजेचे निरोप असतात, ते निरोप वेळेआधी जातात. शिवाय चूल किंवा शेगडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावतो. म्हणून ९.८ वाल्या बाईला धूर जास्त नडतो. तिच्याकडे आधीच गाड्या कमी, त्यात निम्म्या कुणीतरी अडवल्या असं समजा.


आकडेमोड
गुरुवार, सकाळी १०.५०

पुरवणी: २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. म्हणजे कण वारेपर्यंत पोचतात हे आता नुसतं अनुमान राहिलेलं नाही.


निफाडकर
गुरुवार, दुपारी ३.४०

ताई, मी तुमच्या माहेरच्याच बाजूचा. मोकळी हवा म्हणतात ती आहे, पण कधी आहे ते सांगतो.

हिवाळ्यात आमच्याकडं पारा उतरला की पेपरवाले कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापतात आणि शहरातले लोक फोन करून विचारतात, बर्फ पडला का. तेव्हा पहाटे पाचला गच्चीवर उभं राहून पाहा. प्रत्येक वस्तीवरचा धूर वर जात नाही. घरांच्या पत्र्याएवढ्या उंचीला आडवा पसरतो आणि तिथंच लोळत राहतो. जमिनीलगतची हवा गार, वर ऊबदार हवेचं झाकण. बंब, चुली, शेकोट्या, कुणी पाचट पेटवलेलं, कुणी छाटलेल्या काड्या पेटवलेल्या, सगळं त्या झाकणाखाली. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की झाकण उघडतं, मग खरंच मोकळी हवा.

दुसरं, द्राक्षाच्या बागेतलं घर असेल तर फवारणीच्या वेळा विचारून घ्या. ब्लोअर चालू असताना गरोदर बाईनं बागेच्या कडेला थांबू नये. हे मी शेतकरी असून सांगतोय, घरात भांडण झालं तरी चालेल.


जुनी_वीट
गुरुवार, सायंकाळी ५.१५

म्हणजे शहरात धूर, गावात धूर. पोरीनं जावं कुठं, हिमालयात?


तिरफळ
गुरुवार, सायंकाळी ६.००

@जुनी_वीट, आज पहिल्यांदा तुमचा प्रश्न पटला.

पण मला आकडेमोड यांना विचारायचंय. तुम्ही धुराविरुद्ध बोलताय, मग चूल बदलून गॅस दिल्यावर काही फरक पडत नाही असा मोठा प्रयोग झालाय ना? मी वाचलंय. भारत, ग्वाटेमाला, पेरू, रवांडा. सोयीचं तेवढंच सांगू नका.


आकडेमोड
गुरुवार, रात्री १०.२०

बरोबर पकडलंत. २०२२ साली निकाल आला त्याचा. सुमारे ३,२०० गरोदर बायका, चारही देशांतल्या, भारतातल्या तमिळनाडूमधल्या. निम्म्यांना गॅस आणि शेगडी फुकट, निम्म्या नेहमीच्या चुलीवर. गॅसवाल्यांच्या श्वासातले पीएम २.५ घनमीटरला साधारण ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले. तरीही बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निकाल वाचून मीही हिरमुसलो होतो.

याची दोन-तीन स्पष्टीकरणं देतात. गॅस मिळाला तेव्हा या बायकांना तिसरा ते पाचवा महिना लागलेला होता, म्हणजे वार रुजण्याचा काळ चुलीपुढेच गेला. शिवाय २४ हाही आकडा स्वच्छ नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची वर्षभराच्या सरासरीची शिफारस ५ आहे. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, ती गोष्ट वेगळी.

प्युरिफायरबद्दलही असंच. मंगोलियातल्या उलानबातरला ५४० गरोदर बायकांवर प्रयोग झाला, निम्म्यांच्या घरी यंत्र. घरातले कण २९ टक्क्यांनी घटले. पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी ८५ ग्रॅम जास्त भरलं. अकाली प्रसूती मात्र कमी झाल्या नाहीत. त्यामुळे रानजाईंच्या नवऱ्याला सांगा, झोप. परवडत असेल तर झोपायच्या खोलीपुरता घ्या, हेपा फिल्टर असलेला, खोलीच्या मापाचा. पण तो घेतला म्हणजे काम झालं असं नाही, आणि नाही घेतला म्हणजे पाप केलं असंही नाही.


अंगणातली_तुळस
गुरुवार, रात्री ११.४५

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

माझं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, चार वर्षांपूर्वी. वजन १,५२० ग्रॅम. मी सातपूरला नोकरीला होते, बसनं जायचे. पहिल्या दिवसापासून घरात एकच पालुपद: "तरी सांगत होतो धुरातून फिरू नको." मावससासू पेटीच्या काचेतून बाळाकडे बघत म्हणाल्या, नोकरीची हौस लेकराला भोवली. तेव्हा मला उभंही राहता येत नव्हतं.

पुढे फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, पाचव्या महिन्यात लघवीत संसर्ग दिसला होता. कागदावर होता. मला कुणी सांगितलं नाही, औषध दिलं नाही. जळजळ व्हायची तर म्हणायचे पाणी पी. दवाखान्याचं नाव घेणार नाही, आता त्यानं काय होणार.

म्हणून असे धागे वाचले की भीती वाटते. उद्या कुणाचं बाळ लवकर आलं की "तू मास्क का लावला नाहीस" हा नवा दोष तयार. आधी सुतक, ग्रहण, ओलांडलेली दोरी होती. आता हवा.


वेखंड
शुक्रवार, सकाळी ५.५०

तुळस, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. १,५२० ग्रॅमचं बाळ सांभाळलंत, ते काही खायचं काम नाही.

पेटीपाशी आईला बोल लावणारे नातेवाईक मी इतके पाहिलेत की एकदा एका आजोबांना बाहेर काढलं होतं. मेमो मिळाला. अजून जपून ठेवलाय.


गोदाकाठ
शुक्रवार, दुपारी १२.३०

थोडं विषयांतर, पण लागून आहे. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, २०१९ मध्ये सुरू झाला तो. या कार्यक्रमात ज्यांची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही अशीच शहरं घेतात. म्हणजे "आपली हवा थंड, छान, वाइन कॅपिटल" वगैरे पाहुण्यांना सांगायला ठीक आहे.

गंमत अशी की या कार्यक्रमात शहरांचं यश मोजलं जातं ते मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. मग पैसे जातात रस्ते झाडायच्या यंत्रांवर, पाण्याच्या फवाऱ्यांवर. वेखंडताईंनी सांगितलेले बारीक कण येतात जाळण्यातून: डिझेल, कोळसा, कचरा, लाकूड. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, कोळशावरचे. कारखान्यांच्या भट्ट्या आहेत. आणि प्रत्येक कॉलनीत सकाळी पाला गोळा करून काडी लावणारा एक उत्साही माणूस आहे. झाडूनं यातलं काय जाणार?

रानजाई, रोजचा आकडा पाहायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप आहे. नाशिकची केंद्रं दिसतात: गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड. द्वारकेला नाही, त्यामुळे तुमच्या खिडकीबाहेरचा आकडा त्यात शोधू नका. ट्रेंड बघा.


आकडेमोड
शुक्रवार, दुपारी १.०५

त्या ॲपवरचा हवेचा निर्देशांक आणि मायक्रोग्रॅम यांत गल्लत होते सगळ्यांची. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आहे आणि ६० म्हणजेच निर्देशांक १००. तोवर "समाधानकारक" लिहून येतं. जागतिक आरोग्य संघटना २४ तासांसाठी १५ म्हणते. आपलं समाधान लवकर होतं.


रानजाई
शुक्रवार, रात्री ९.५५

तुळसताई, तुमचं वाचून रडले आणि मग जाऊबाईंना फोन केला. त्यांनाही असंच ऐकवलं होतं घरात. मी तिथंच होते आणि गप्प बसले होते.

आज लघवी दिली तपासायला. आणि संध्याकाळी घरात फिरून पाहिलं तर धुराची कारणं बाहेर कमी, आतच जास्त. सासूबाईंचं दोन वेळचं धूप-उदबत्ती, रात्री पलंगाखाली डासांची कॉइल, फोडणीच्या वेळी बंद असलेला एक्झॉस्ट फॅन (आवाज होतो म्हणून). स्कार्फचं काय? मी डोळे सोडून सगळा चेहरा बांधते, सनकोट, हातमोजे. त्यानं थांबतं का काही?


आकडेमोड
शुक्रवार, रात्री १०.३०

स्कार्फनं ऊन थांबतं आणि ओळखीचे लोक थांबत नाहीत, एवढाच उपयोग. बारीक कण कापडातून आरपार जातात. एन-९५ मास्क घट्ट बसला तर उपयोग. गर्दीच्या पट्ट्यात लावायचा, धाप लागली की काढायचा. दिवसभर बांधून बसायचं नाही.

कॉइल मात्र आज रात्रीच बंद. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. तुम्ही सगळी रात्र पलंगाखाली ती पेटवून द्वारकेच्या ट्रकना नावं ठेवताय.


वेखंड
शनिवार, सकाळी ६.१५

आणि मच्छरदाणी लावा. डेंग्यू, मलेरिया गरोदरपणात परवडत नाही, म्हणून नुसतं "कॉइल बंद" सांगून चालत नाही. धूप देवापुढे एकदा, खिडकी उघडी ठेवून, तुम्ही दुसऱ्या खोलीत. सासूबाईंना सिस्टरनं सांगितलंय म्हणा.

मिश्रीबद्दल. आत्यांना हे वाचून दाखवा. मुंबईत गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. मिश्री, तंबाखू अशा न ओढायच्या प्रकारांतही बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी आणि दिवस सहानं कमी भरले. "मी ओढत नाही, दाताला लावते" ही पळवाट नाही. भाजताना उठणारा खकाणा तर सगळ्या घरानं प्यायचा. तुमच्यासमोर भाजायची नाही एवढं तरी.


आजीचा_बटवा
शनिवार, दुपारी २.२०

सगळ्यांचं ऐकलं. आता बाळंतपणानंतर शेक-शेगडी आणि बाळाला धुरी, तेही बंद करायला सांगाल. ओवा, बाळंतशोपा, वेखंड (आयडीवाल्या ताई नव्हे) निखाऱ्यावर टाकून दिलेल्या धुरीनं बाळ खुटखुटीत राहतं. पिढ्यांचा अनुभव आहे.


वेखंड
शनिवार, दुपारी २.५०

मीच सांगणार होते, तुम्ही आधी विषय काढलात. दारं-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली ठेवणं नको. बाळाला धुरी नको, आणि लवकर आलेल्या बाळाला तर अजिबात नको, त्याचं फुफ्फुस अजून तयार होत असतं. दोन बाळं मी अशी परत आलेली पाहिलीत, घरी जाऊन आठवडाही झाला नव्हता.

उबेचं म्हणाल तर आईच्या छातीसारखी शेगडी नाही. बाळ उघडं, आईची छाती उघडी, वरून लुगडं. १९७८ च्या सुमारास कोलंबियात पेट्या कमी पडल्या म्हणून एका डॉक्टरनं हे सुरू केलं, आता जगभर करतात, कांगारू केअर म्हणतात. आजी, तुमच्याही आजीनं बाळ पदराखाली घेतलंच असेल की. ते ठेवा, धूर सोडा. ओवा खायला द्या तिला, मी कुठे नको म्हणते.


आजीचा_बटवा
शनिवार, दुपारी ३.३०

पदराखालचं पटलं. धुरीचं विचार करते.


तिरफळ
शनिवार, दुपारी ४.१०

मूळ प्रश्न राहिला बरं का. द्वारका की विंचूर?


वेखंड
रविवार, सकाळी ६.४०

मी हवेवरून ठरवणार नाही. मी अंतरावरून ठरवीन. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुफ्फुसाची इंजेक्शनं द्यायची असतात आणि त्यांना काम करायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून बाई वेळेत पोचणं सगळ्यात महत्त्वाचं. निफाडला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण लहान बाळाची पेटी आणि व्हेंटिलेटर लागला तर नाशिकच गाठायचं, तास-दीड तास, कांद्याच्या ट्रॅक्टरच्या मागून. जाणार असाल तर आधी ठरवून ठेवा: गाडी कुणाची, रात्री चालवणार कोण, कुठल्या दवाखान्यात, फाइल कुठे. १०८ चा नंबर भिंतीवर.

आणि ही लक्षणं आईलाही सांगा. तासात चार-पाच वेळा पोट दगडासारखं होणं, कंबर भरून येऊन पुन्हा सुटणं, पाणी किंवा रक्त जाणं, खाली दाब. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही. "सकाळी बघू" म्हणायचं नाही.


निफाडकर
रविवार, सकाळी ९.१०

गाडीचं टेन्शन घेऊ नका. वस्तीवर कुणाची ना कुणाची पिकअप असतेच. ड्रायव्हर शुद्धीत आहे का एवढं बघून ठेवा.


रानजाई
सोमवार, रात्री ९.१५

ठरलं. लघवीत थोडा संसर्ग निघाला, औषध सुरू झालं (वेखंडताई, काय बोलू). बत्तीस आठवड्यांपर्यंत इथंच राहतेय. ऑफिसनं अकरा ते सहा करून दिलं. स्कूटी बंद, कंपनीच्या बसनं जाते. रस्त्याकडची खोली सोडून मागच्या खोलीत झोपतो. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. सासूबाई धूप लावतात आणि मला "जा आत" म्हणून ओरडतात, जणू त्यांचीच कल्पना. प्युरिफायर घेतला नाही, त्या पैशांत सोनोग्राफी आणि मच्छरदाणी झाली. नवऱ्याला झोप लागते.


रानजाई
नऊ आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ११.००

कुणाला आठवतेय का मी? आज चौतीस आठवडे पूर्ण. हिमोग्लोबिन १०.९. गेल्या आठवड्यात ओटी भरली आणि मी माहेरी आलेय. बागा काढणीला आल्यात, घरात द्राक्षांचा वास.

आईला धागा मोबाईलवर वाचून दाखवला, आजीचा_बटवा यांच्यापर्यंत ती हसत होती, तुळसताईंचं आलं तेव्हा उठून गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी गॅसवर. तव्यावरची भाकरी फुगत नाही म्हणून दोन दिवस कुरबुर झाली, आता फुगते. आत्या मिश्री भाजायला शेजारच्या वस्तीवर जाते, सोडलेली नाही. भिंतीवर १०८ आणि चुलतभावाचा नंबर खडूनं लिहिलाय.

बंब दादांनी उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवलाय. रोज सकाळी बादली घेऊन अंगणातून येतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, मोरीपर्यंत येईस्तोवर पाणी निम्मं गार होतं.


वेखंड
शनिवार, सकाळी ११.०४

बाळ हलतंय ना नीट? आणि गोळ्या?


रानजाई
शनिवार, सकाळी ११.०६

हलतंय. लिंबूपाण्याबरोबर.